क्यूचा ठोकळा आणि शर्टाचं बटण

प्रिय टेसी,

'प्रिय' लिहिताना पेन अडलं, खोटं कशाला बोलू? अठरा वर्षं आपली दारं समोरासमोर, पण तू मला कधी प्रिय नव्हतीस. काल तू जाऊन महिना झाला म्हणून चर्चमध्ये ठेवलेल्या मिसाहून, त्या प्रार्थनेहून, परतताना तुझी भाची ग्लेंडा आमच्याकडे आली. तुमचा स्क्रॅबलचा पट, अक्षरांच्या ठोकळ्यांची पिशवी आणि तुझी शब्दांची वही टेबलावर ठेवून म्हणाली, "आंटीने अंकलना द्यायला सांगितलेलं." यांनी काही उघडलंसुद्धा नाही. सगळं कपाटावर ठेवलं आणि खिडकीशी जाऊन बसले. म्हणून लिहितेय.

तू गेल्यापासून दर रविवारी चारच्या ठोक्याला हे इस्त्रीचा शर्ट घालतात आणि कुठेच जात नाहीत. माझ्याबरोबर दादरच्या मार्केटात मासळी आणायला यायचं तर चुरगळलेला कुठलाही शर्ट चालतो. पॅसेज ओलांडून तुझ्याकडे खेळायला यायला मात्र इस्त्री! किती जळलेय गं मी त्या इस्त्रीवर!

संशय नव्हता, हे आधीच सांगते. हेवा होता. मी मधुकरशी लग्न केलं आणि तू त्याचा 'मॅडी' केलास. माझ्याशी दिवसभरात चार वाक्यं बोलणारा माणूस तुझ्याकडे दोन दोन तास हसायचा, आणि ते मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं.

जेवताना मी विचारायचे, आज काय लावलंत? एकदा म्हणाले, "क्वानाट." म्हणजे काय? तर म्हणे, अर्थ कशाला हवा, पटावर चालतो, बास. तुम्हा दोघांना निम्म्या शब्दांचे अर्थच ठाऊक नव्हते! नायगावच्या मराठी शाळेत शिकलेली मी, दुपारी डिक्शनरी काढून बसायचे. क्वानाट म्हणजे जमिनीखालून पाणी नेणारा पाट. मी मोठ्या हौशीने सांगायला गेले, तर हे "छान" म्हणाले आणि आमटी वाढायला सांगितली.

तू बोलवायचीस, ते नाकारत नाही. "अगो सुलभा, बस ना गो जरा." मी म्हणायचे, माझं इंग्रजी दहावीपुरतं. खरं तर मला बोलावणं यांच्याकडून हवं होतं.

आणि मग तो तलाकचा रविवार. मी पोहे घेऊन आले आणि यांनी पटावर इंग्रजीत 'तलाक' लावला, शेवटचं अक्षर क्यू, आणि म्हणाले, "हा पण चालतो, सुलभा. चौदा पॉइंट!" तुम्ही दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलात. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवरा तलाक म्हणतो आणि त्याचे चौदा पॉइंट घेतो! या शब्दाचा अर्थ बघायला मला डिक्शनरी लागली नाही. बश्या उचलताना क्यूचा ठोकळा मी मुठीत घेतला आणि घरी येऊन मोहरीच्या डब्यात पुरला. वाटलं, एक अक्षर कमी पडलं की खेळ बंद.

तू मला बघितलं होतंस का गं? कधीच बोलली नाहीस.

पुढच्या रविवारी बघते तर पिशवीत क्यूच्या जागी एक पांढरं बटण, वर शाईने क्यू काढलेला. बटण यांच्याच शर्टाचं! तेच मी आठवडाभर पलंगाखाली शोधत होते. म्हणजे चोरी मी केली आणि बटणसुद्धा तुझ्याकडे गेलं.

काल न राहवून ती पिशवी मी काढली. बटण यांच्या हातावर ठेवलं, तेव्हा कुठे हे बोलले.

"पिशवीत हात घातला की हे लागायचं. क्यूला शब्दच सापडत नाही, अडकून बसतो ना, म्हणून मी सोडून द्यायचो. टेसीला कळायचं. तरी ती दर वेळी तेच उचलायची."

मग मी तुझी वही उघडली. पहिली दोन पानं क्यूच्या शब्दांची, यांनी टाळलेल्या अक्षराचं काय करायचं ते शोधून ठेवलेलं. म्हणजे माझ्या चोरीने तुमचा खेळ मोडला नाहीच, उलट तुम्हाला आणखी एक गुपित मिळालं. काल मी परत तेवढीच जळले, टेसी. मेलेल्या बाईवर. लाज वाटली, तरी जळले.

आणि शेवटचं पान. वर माझं नाव, तुझ्या वाकड्यातिकड्या मराठीत. खाली इंग्रजीत रोटी, पुरी, दाल, घी, लोटा. हे सगळे त्या खेळात चालतात? माझे शब्द? मग हे पान माझ्या हातात का नाही दिलंस? की दिलं असतं तर मी फाडलं असतं, हे तुला ठाऊक होतं?

आता ऐक. येत्या रविवारी चार वाजता पट मी मांडणार. ठोकळा मोहरीतून काढून धुऊन ठेवलाय. तो पिशवीत टाकण्याआधी तो कुठे होता ते यांना सांगणार. चिडले तर चिडू देत. शब्द त्यांनी लावावेत, अर्थ मी सांगेन. क्यू हाताला लागला तर सोडणार नाही, तुला शब्द देते.

बटण मात्र परत घेतेय. शाई घासून काढली आणि आजच त्या शर्टाला लावून टाकलं. इस्त्रीसुद्धा मीच करणार आहे. रविवारी हे तो माझ्यासाठी घालतात का, तेवढं बघायचंय.

तुझी समोरच्या दारातली, अजून जळणारी,
सुलभा