रविवारचा ट्रंक कॉल

चिमणे,

डोळे तपासायला चाललेय, बारापर्यंत येते. दूध तापवून ठेवलंय.

काल तू कॅफेच्या फुकट वायफायवरून बँकेचं खातं उघडलंस, म्हणून मी ओरडले. तू म्हणालीस, "आई, माझं ऐकायला तिथे कोण बसलंय?" आणि दार आपटून आत गेलीस.

अगं, मी बसायचे ना! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नऊ वर्षं, कानाला हेडफोन लावून. कॉल जोडला की आपण लाईनवरून बाजूला व्हायचं, असा नियम. पण दर रविवारी एक तरुण ड्राफ्ट्समन त्याच्या आईला ट्रंक कॉल लावायचा, आणि माझ्याच्याने काही ती लाईन सुटायची नाही. एकदा तो म्हणाला, "इथे कुणी ओळखीचं नाही गं आई. कॉल जोडणाऱ्या बाईंचा आवाज ऐकला की तेवढं बरं वाटतं." पुढच्या रविवारी त्याचा कॉल मी सगळ्यांच्या आधी लावून दिला.

तेव्हा ऐकणारी मी होते, म्हणून आज तू आहेस. कॅफेत कोण असेल, काय सांगावं? कॅफेच्या नावाचं वायफाय भलत्यानेच चालू केलेलं असू शकतं. बँक, पासवर्ड, ऑफिसचं मेल, सगळं आपल्या मोबाईल डेटावर बघत जा. आणि दिसेल त्या वायफायला तुझा फोन आपोआप चिकटतो, ते आधी बंद कर.

बाबांना मी हे कधीच सांगितलं नाही. ते गेले तोवर त्यांना वाटत होतं, लाईनवर ते आणि आजी दोघंच होती.

आई