फिल्टर निघेना

रवि., ९ नोव्हें.

आज पुन्हा यांचं तेच. "आज नको, डोकं जड आहे." डॉक्टरांनी बजावून महिना झाला. घरचे व्यायाम पुरे पडत नाहीत, फिजिओथेरपी सेंटरला आणा, मशिनवर, आठवड्यातून तीनदा. अर्धांगवायूने गेलेल्या उजव्या हातात जे परत यायचं ते याच महिन्यांत येईल, नंतर नाही. हे माझ्या डोक्यातून जात नाही आणि यांच्या डोक्यात शिरत नाही.

रिक्षाचं नाव काढायची सोय नाही. दिवाळीआधी चढताना यांचा पाय अडकला, गल्लीतले दोघे धावत आले, काखेत धरून आत बसवलं. घरी आल्यावर हे म्हणाले, "तीस वर्षं कापडाच्या लूमवर मास्तर होतो मी. पोतं नही." तेव्हापासून रिक्षा बंद.

म्हटलं, दारात गाडी आहे, मी नेते. उन्हाळ्यात शिकले, लायसन काढलं, ते काय भिंतीवर लावायला?

"तेल बदलायचं राह्यलंय. तेल बदलल्याबिगर गाडी हलवायची नही."

"मग गॅरेजला देऊ."

"गॅरेजवाल्याचा हात माझ्या गाडीला लागणार नही."

म्हणजे गॅरेजही नाही, गाडीही नाही, सेंटरही नाही. बहाणे करण्यात माझ्या वर्गातली पोरं यांच्यापुढे काहीच नाहीत.

सोम., १०

मधल्या सुट्टीत ठरवलं. तेल मी बदलणार.

मनूला नाशिकला फोन केला. हसली. "आई, विकून टाका ना ती गाडी. तू कुठे इंजिनात हात घालतेस." म्हटलं, पाचवीची सत्तेचाळीस पोरं आवरते मी, इंजिन तर एका जागी उभं असतं.

एकोणतीस वर्षं हे काम करताना शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभी राहिले. बॅटरी धरणाऱ्याला सगळं दिसतं. फक्त हात काळे होत नाहीत.

यांना सांगितलं. "बघू" म्हणाले. हो नाही, पण नाहीसुद्धा नाही.

शनि., १५

शाळा सुटल्यावर लिंबायतच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. तेल, फिल्टर, काचपेपर. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणतो, "बेन, कोई माणसने मोकलो ने." म्हणजे कुणा पुरुषाला पाठवा. मीही गुजरातीतच म्हटलं, "हुं माणस नथी?" मी काय माणूस नाही? त्याने माल काढून ठेवला. पिशव्या मात्र एकात एक दोन घालून दिल्या.

रवि., १६

गाडीखाली चटई टाकून आडवी झाले. खालचा नट निघाला, तेल डब्यात उतरलं. डांबर झालं होतं नुसतं. मला वाटलं, जमलं की.

मग फिल्टर. इंजिनाच्या पुढच्या अंगाला, वरून हात घातला की सापडतो, पावशेर तुपाच्या डब्याएवढा. हाताने फिरवला की निघतो म्हणे. एका हाताने, दोन्ही हातांनी, फडकं गुंडाळून, काचपेपर गुंडाळून. ढिम्म.

हे ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले, काठी गुडघ्यांत. "उलटं फिराव वं, उलटं." उलटंच फिरवत होते. शेजारच्या जयाबेन पापड वाळत घालता घालता म्हणाल्या, "मास्तर, टीचरने मेकॅनिक बनावी दीधां?" टीचरला मेकॅनिक करून टाकलंत का, असं. हे हसले नाहीत.

बारा वाजता हात टेकले. हे म्हणाले, "डुप्लिकेट माल. मागल्या वर्षी त्या दुकानदारानं डुप्लिकेट फिल्टर दिला, नाहीतर मी लावलेलं कधी अडकत नही." आणि मग, "मी म्हटलंच होतं, नको."

त्या 'नको'त थोडासा आनंद होता. मला ऐकू आला. भयंकर राग आला.

सोम., १७

माझा हात खांद्याच्या वर जात नाही. फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच भागाकार शिकवला. पोरं खूश, फळा लवकर भरतो.

बुध., १९

दुकानदाराने साखळीचा पाना दिला, दोन दिवसांच्या बोलीवर. फिल्टरभोवती साखळी आवळायची आणि दांडा ओढायचा. आवळली. ओढला. फिल्टर मधोमध चेपला, कमरेत बारीक झाला, पण जागचा हलला नाही.

ओट्यावरून, "तुझा जोर कमी पडतो."

"मग या तुम्ही, लावा जोर."

तोंडातून गेलं. हे उजव्या हाताकडे बघत राहिले, मांडीवर पडला होता तसा. मग काठी घेऊन आत गेले. भाकरी उष्टी टाकली.

माझी जीभ. वर्गात एकाही पोराला असं बोलले नसते मी. फार वाईट वाटतंय, आणि जाऊन तसं सांगताही येत नाही. ते ऐकून म्हणतील, कशाबद्दल?

गुरु., २०

तासिका मोकळी होती. नव्या फिल्टरचं खोकं पिशवीत होतं ते बघत बसले. बाजूला चित्रं आहेत. पहिल्या चित्रात एक बोट, फिल्टरच्या रबरी रिंगवर तेल फिरवतंय. म्हणजे रिंग तेल लावून बसवायची. कोरडी बसवली की इंजिनाच्या उष्णतेने चिकटून बसते.

आणि मागच्या वर्षीची दुपार आठवली. बॅटरी माझ्याच हातात होती. यांनी खांद्यावरचा गमछा काढला आणि रिंग पुसली. एकदा नाही, दोनदा. लख्ख कोरडी. मग बसवली, हाताने घट्ट केली, आणि वर पान्याने अजून एक आटा. "लूमवर सगळं हादरतं, एक आटा जास्तीच लागतो," हे यांचं नेहमीचं.

म्हणजे दुकानदार बिचारा निर्दोष. हे यांच्याच हाताचं काम. हात धडधाकट होता तेव्हाचं.

सांगू? सांगितलं तर ओट्यावरसुद्धा येऊन बसायचे नाहीत. हात गेला ते गेला, वर तो चांगला होता तेव्हाही चुकला होता, हे मी कुठल्या तोंडाने सांगू. खोकं कपाटात वह्यांच्या मागे ठेवलं.

शनि., २२

दोन दिवस गाडीचा विषय नाही. मी काढला नाही, यांनी काढला नाही. दुपारी चहा देताना एकदम, "उद्या काढणार ना फिल्टर?"

म्हटलं, हो.

"जुना पेचकस घे. नवा वाकवशील."

रवि., २३

खूप लिहायचं आहे, क्रमाने लिहिते.

पेचकस फिल्टरच्या आरपार ठोकला. म्हणजे त्याला धरून फिरवता येतो. फिरवला, तर पत्रा टरकला. एका बाजूने फाटत गेला, आतलं तेल कोपरापर्यंत. उरली ती इंजिनाला चिकटलेली बूड-चकती आणि तिच्याभोवती पत्र्याच्या चिंध्या. धरायला काहीच नाही. गाडीत तेल नाही, फिल्टर फाटलेला, आता गॅरेजला न्यायची म्हटली तरी जाणार नाही. मी पायरीवर बसले आणि रडले. जयाबेन बघत होत्या तरी रडले.

काठीचा आवाज आला. हे ओट्याच्या तीन पायऱ्या उतरत होते. माझा हात न धरता. मी उठले नाही, उठले असते तर हे थांबले असते.

बॉनेटपाशी येऊन वाकून बघितलं. बराच वेळ. मग, "छिन्नी आण. आणि लहानी हातोडी. मोठी नही."

चकतीच्या कडेला छिन्नी तिरकी धरायला लावली. मी हातोडी उगारली तर, "जोरानं नही वं! लूमवरचा अडकेल नट कधी जोरानं निघस का? आधी घट्ट व्हायच्या बाजूनं ठोक, मग सुटायच्या. मी सांगतो तसं."

आणि काठी फरशीवर आपटायला लागले, डाव्या हाताने. टक, टक, थांब. टक, टक, थांब. काठी पडली की मी हातोडी टाकायची. छिन्नी थोडी पुढच्या कडेला सरकवायची. पुन्हा. अर्धा तास झाला असेल. मला काहीच फरक दिसेना. मनात म्हटलं, यांचं समाधान होऊ दे, उद्या मेकॅनिकला घरी बोलावू, मग काय व्हायचं ते होवो.

काठी थांबली. "आवाज बदलना. सुटना तो."

बदलला, सुटला म्हणे; मला तर आवाज तोच वाटला. तीस वर्षं शंभर लूमच्या खडखडाटात एका लूमचा बिघडलेला आवाज ओळखणारा माणूस, मी काय वाद घालणार. चकतीला फडकं लावून हाताने फिरवलं. फिरली! आरामात, बरणीच्या झाकणासारखी.

रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. शाळेच्या प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडून काढली. यांनी हात पुढे केला, डावा. द्यावी की नाही कळेना. दिली.

उजेडात धरून बघितली. कडक, चपटी. दोन बोटांत फिरवली.

"ही कोरडी बसवेल शे."

कोरडीच बसवलेली, हे त्यांनीही ओळखलं. मी पट्टी पुसत राहिले.

"मीच पुसली होती. गमछानं." मग, "तेलाचा एक ठिपका पडला की सगळा ताका बाद. कापड धरायच्या आधी हात पूस, नट धरल्यावर हात पूस. सगळं पुसायची सवय. ती पण पुसली."

"मला माहीत होतं," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"गुरुवारपासून."

"मग बोलली नहीस?"

"तुम्ही दुकानदाराला बोलत होतात, मध्ये कशाला तोंड घालू."

हसले. तोंड अजून एका बाजूला ओढलं जातं हसताना, पण हसले.

नवा फिल्टर काढला. वाटीत थोडं तेल घेतलं, मी बोट बुडवणार तर, "थांब." डाव्या हाताने उजवा हात मनगटाला धरून उचलला, पहिलं बोट तेलात टेकवलं आणि रिंगवर ठेवलं. डावा हात नेईल तिकडे उजवा जायचा. अर्ध्या रिंगपर्यंत तसंच. मग डाव्याची पकड सैल झाली आणि बोट तरी पुढे सरकलं. जरासं. नखाएवढं. पुन्हा जरासं.

"या कामाला जोर लागत नही," म्हणाले.

फिल्टर धरून माझे हात आखडले. मी मदत केली नाही. पूर्ण रिंग ओली व्हायला किती वेळ लागला माहीत नाही, जयाबेनचे पापड गोळा करून झाले होते.

मी बसवला. हाताने घट्ट केला आणि सवयीने पान्याकडे हात गेला.

"बस. आते पुरे."

नवं तेल ओतलं, गाडी सुरू केली. समोरचा तेलाचा लाल दिवा लागला आणि गेला. तेल गळतंय का कळावं म्हणून खाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं.

सोम., २४

वर्तमानपत्र कोरडं. शाळेत जाताना बघितलं, आल्यावर बघितलं, चहा ठेवून पुन्हा बघितलं.

यांना म्हटलं, "तेल बदललं. उद्या पाच वाजता सेंटर."

हे पेपर वाचत होते. पान उलटलं. 

मंगळ., २५

चार वाजता स्वतःहून म्हणाले, "पांढरा शर्ट काढ." मी बटणं लावली. वरचं त्यांनी लावलं, डाव्या हाताने.

गाडी ओट्याला लावली, पुढचं दार उघडून उभी राहिले. हे आले. उघड्या दाराकडे बघितलं, काठीने ते लोटून बंद केलं, मागचं उघडलं आणि मागे बसले.

शेठ! आणि मी पुढे एकटी, ड्रायव्हर. राग आला आणि त्याच वेळी पेढे वाटावेसे वाटले. गोडादऱ्याच्या चौकात गाडी दोनदा बंद पडली, मागून हॉर्न. माझ्या मागून आवाज, "क्लच हळू सोड." बाकी वाटभर काही नाही.

सेंटरमधल्या मुलीने हातात चेंडू दिला, दाबा म्हणाली. दाबला गेला नाही. मग तिने बोटं एकेक तपासली. पहिल्या बोटाच्या नखात काळं होतं, साबणाने निघालं नव्हतं. "अंकल, ये क्या है?"

"गाडीचं काम केलं," हे म्हणाले. तिला मराठी येत नाही. तरी दोनदा सांगितलं.

तिने त्या बोटाबद्दल वहीत काहीतरी लिहिलं. गुरुवारी पाच वाजता पुन्हा. येतानाही मागेच बसले.

बुध., २६

सकाळी विचारलंच. पुढे बसायला काय होतं? मी एवढी वाईट चालवते?

"चांगली चालवतीस."

"मग?"

भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले. "पुढं बसलो की माझा पाय ब्रेक शोधतो. आणि ब्रेक तुझ्या पायाखाली शे."

 भाजी वाढली.

नंतर शाळेत दिवसभर तेच डोक्यात. त्यांच्या जागी असते तर मीही मागे बसले असते. पण त्यांच्या जागी नाही मी, आणि एकटीने समोरच्या काचेतून रस्ता बघत चालवायला मला आवडत नाही, हेही खरं आहे.

उद्या पाच वाजता. गाडीचं कुठलं दार उघडून उभं राहायचं, अजून ठरत नाही.