आपोआप लागणारे लॉक

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, व्यवसाय ट्रकमालक व चालक, कोणाच्याही दडपणाखाली न येता, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. उद्या सकाळी आठला डॉक्टर माझी छाती उघडणार आहेत. डोके ठिकाणावर आहे.

१. राहते घर व बँकेतली शिल्लक बायकोची. त्यात कोणी नाक खुपसू नये.

२. सगळी हत्यारे जुन्या मिस्त्रींना. त्यांचा सल्ला मी एकदा धुडकावला, ते खाली येईलच. शेजारच्या पत्रेवाल्याने तीन वर्षांपूर्वी नेलेला जॅक परत करावा. करायचा नसेल तर मी गेल्यावर माझे गुण गायला येऊ नये.

३. ट्रक लेकीचा, चालवते तीच. मात्र एक अट आहे, आणि ती माझ्या मरणासाठी थांबणारी नाही. काल तिने मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे वळणावर दोन चाकांना कमीजास्त फिरू देणाऱ्या भागात, आपोआप लागणारे लॉक बसवून घेतले. उद्या नऊला ती रिकामी गाडी घेऊन खाणीचा चढ चढणार आहे. ते लॉक काढल्याशिवाय तिने गाडी जागची हलवू नये.

लॉक हवेच, नाही म्हणत नाही. खाणीच्या चिखलात एक चाक नुसते गरगरते, दुसरे ढिम्म; लॉक दोघांना जखडून बरोबर फिरवते. पण एक लॉक केबिनमधल्या बटणाने लागते: चिखलापुरते लावायचे, वळणाआधी सोडायचे. दुसरे स्वतःच्या मर्जीने लागते. अकरा वर्षांपूर्वी मी लॉक बसवायला निघालो तेव्हा मिस्त्री म्हणाले होते, "मालक, वळणाचा रस्ता आहे. ओल्यात रिकामी गाडी सरळ ढकलेल ते. बटणाचंच घ्या." मी हसलो. "आमचा धाकटा घराची किल्ली विसरतो, बटण काय लक्षात ठेवणार!"

आपोआपचे बसवले. गाडी चालवणाऱ्या धाकट्या भावाला सांगितलेसुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी ओल्या वळणावर त्याने स्टिअरिंग पुरते फिरवले आणि गाडी सरळ नाल्यात गेली. त्याचा गुडघ्याखालचा पाय गेला. "डुलकी लागली असेल," असे मी बोलून गेलो. लोकांनी ते खरे धरले. अकरा वर्षांत त्यानेही धरले. बिंग फुटू नये म्हणून मी चारचौघांत त्या लॉकचे गोडवे गात राहिलो, आणि लेक ते ऐकत मोठी झाली. आज फोनवर तिला म्हटले, "ते काढून टाक." ती म्हणाली, "का पण, बाबा? तुम्हीच तर म्हणायचात!" मी फोन ठेवून दिला. म्हणून हा कागद.

४. धाकट्याला मी काही ठेवलेले नाही. लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असे वकीलबाई सांगतात, आणि मला साक्षीदार तोच हवा. म्हणजे सही करण्याआधी तो हे वाचेल. तू झोपला नव्हतास रे. चूक माझी होती. मला लाज वाटते.

ठिकाण: रुग्णालय, पुरुष विभाग, खिडकीजवळची खाट.
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस, दुपारचे चार.
सही: (लिहून देणार)

साक्षीदार पहिली, विभागाच्या सिस्टर: माझ्यासमोर सही केली. रुग्ण शुद्धीत आहे. रडतो आहे, इतकेच.

साक्षीदार दुसरा, धाकटा भाऊ: वाचलं. पोरीला आत्ताच फोन केला. ट्रकची किल्ली घ्यायला निघालोय. ही नाही विसरणार. बाकीचं बोलायचंय, दादा. शुद्धीवर ये.