अधिकार या शब्दाविषयी

अण्णा, गेल्या रविवारी ठाण्यात एका महाविद्यालयाच्या सभागृहात लघुपटांचा महोत्सव झाला. विषय होता श्रद्धा, आणि दुसऱ्याच्या श्रद्धेची समज. तीन परीक्षकांपैकी मी एक होतो. वकिली सोडून काही वर्षे झाली, चित्रपटातले मला काही कळत नाही, हे मी संयोजकांना आधीच स्पष्ट केले होते. ते म्हणाले, "सर, कळणारे दोघे आहेत. आम्हाला न रडणारा एक हवाय." ही अट मी पुरी करू शकेन असे मला वाटले. तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षे होऊन गेली, आणि मी त्या दिवशीही रडलो नव्हतो.

सकाळचे लघुपट साधारण होते. बहुतेकांत दोन धर्मांची दोन माणसे शेवटी एका बाकावर बसून हसत होती, आणि ती का हसतात याचे कारण कोणी दिले नव्हते. जेवणानंतरचा पहिला लघुपट अकरा मिनिटांचा होता. पडद्यावर एक स्वयंपाकघर दिसले, पाटावर बसलेले दोन शिक्षक दिसले, आणि त्यांतला दाढीवाला दुसऱ्याला म्हणाला, "आज मूर्तीची बाजू माझी." मी खुर्चीत सरळ झालो. हे वाक्य सबंध कल्याणात एकाच स्वयंपाकघरात बोलले जात असे, आणि ते आपले होते.

शनिवारची अर्ध्या दिवसाची शाळा सुटली की तुम्ही आणि चित्रकलेचे मास्तर पारनाक्यावरच्या आपल्या घरी येत होतात. आई पोह्यांची कढई उतरवते आहे, तुम्ही टोपी खुंटीला लावता आहात, आणि मास्तर हाताचा रंग मोरीत धूत आहेत. मग वाद सुरू होतो. नियम तुमचा होता: ज्याने त्याने समोरच्याच्या धर्माची बाजू मांडायची, आणि समोरच्याने मान हलवून 'हो, हेच माझे म्हणणे' असे कबूल करीपर्यंत तिचे खंडन करायचे नाही. पूर्वपक्ष आधी पुरा करा, असे तुम्ही म्हणत असा. त्यामुळे नमाज न चुकवणारे मास्तर मूर्तिपूजेचे समर्थन करीत, आणि संध्या न चुकवणारे तुम्ही निराकाराचे. आई म्हणे, "दोघांनी मिळून धर्म बदललेत, आणि इकडे पोहे गार झालेत." एकदा मी, कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी, मध्येच तोंड घालून मास्तरांचे म्हणणे खोडू लागलो. तुम्ही ताटावरची नजरसुद्धा वर केली नाहीत. "आधी त्यांचं म्हणणं सांग. ते मान हलवतील, मग बोल." मी सांगितले, ते फारच तोकडे होते. मास्तर म्हणाले, "शास्त्रीबुवा, मुलगा आपला आहे. अर्धी मान हलवतो हवं तर."

तुम्ही गेलात त्या सकाळचे मी तुम्हाला कधी सांगू शकलो नाही, कारण ते तुमच्या देहाशेजारीच घडले. तिरडी उचलण्याची वेळ झाली आहे. काका आणि गावाहून आलेले दोन चुलतभाऊ माझ्या मागे उभे आहेत. मास्तर गर्दीतून पुढे येतात. शाळेतून तसेच आले असावेत, कारण बाहीला निळा रंग आहे. हळू आवाजात ते मला म्हणतात, "चार पावलं फक्त. कोपऱ्यापर्यंत. मग मी मागे होतो." त्यांना खांदा द्यायचा होता. मी शांतपणे म्हणालो, "मास्तर, आपल्याला अधिकार नाही." ते "बरं" म्हणाले आणि बाजूला झाले. आम्ही निघालो. अशा वेळी मागे वळून पाहू नये म्हणतात, मी पाहिले नाही. ते आले की परतले, हे मला गेल्या रविवारपर्यंत माहीत नव्हते.

या वाक्याचा बचाव मी पस्तीस वर्षे स्वतःपुढे करीत आलो आहे. शास्त्रात अधिकार म्हणजे एखादे कर्म करण्याची पात्रता. कचेरीत आणि बाजारात अधिकार म्हणजे हक्क. मी पहिल्या अर्थाने बोललो, त्यांनी दुसऱ्या अर्थाने ऐकले असेल तर दोष माझा नाही. बचाव बांधेसूद आहे. फक्त एका शब्दाच्या दोन अर्थांआड असे लपण्याला न्यायशास्त्रात छल म्हणतात, हे तुम्हीच शिकवले होते. वर्गात तुम्ही पुढे म्हणत असा, "मराठी माणसाने नुसता 'ल'चा 'ळ' केला आणि तो शब्द घरी आणला." शिवाय अग्नी कोणी द्यावा हे मला ठाऊक होते. खांदा कोणी द्यावा याविषयी मी तेव्हा एक ओळही वाचलेली नव्हती.

पडद्यावरचे मास्तर तिरडीच्या बरेच मागे चालत स्मशानाच्या फाटकापर्यंत जातात आणि बाहेर उभे राहतात. धूर दिसला की घरी येतात, आणि दाराबाहेरच्या नळाखाली कपड्यांसकट बसतात. त्यांची बायको बाहेर येते. "हे काय चाललंय तुमचं?"

"स्मशानावरून आलोय. त्यांच्यात आंघोळ करून घरात येतात."

"हात लावू दिला नाही तुम्हाला, आणि आंघोळ कसली करताय?"

"खांद्याला अधिकार लागतो. आंघोळीला लागत नाही."

सभागृहात थोडे हसू उमटले आणि लगेच विरले. बायको मुलाला, म्हणजे मला, दूषणे देऊ लागते. मास्तर तिला थांबवतात. अधिकार म्हणजे हक्क नव्हे, पात्रता, हे त्याच्या बापानेच मला शिकवलंय, असे सांगतात. पोरगा तीन दिवस झोपलेला नाही, भाऊबंद पाठीशी उभे आहेत, त्याला उभं राहायला नियमाशिवाय दुसरी जमीन नव्हती, असेही सांगतात. माझी बाजू इतकी पुरी मी कोणत्याही न्यायालयात मांडली नसती. माझी मान हलली, अण्णा. आता खंडन येईल म्हणून मी थांबलो. ते आले नाही. त्यांच्या सदऱ्यातून पाणी ठिबकत राहिले आणि पडदा काळा झाला.

शेजारच्या परीक्षक बाई कुजबुजल्या, "वकीलसाहेब, कागद कोरा का? निकाल राखून ठेवलात की काय?"

चहाच्या वेळी दिग्दर्शिका माझ्याकडे आली. चोवीस-पंचवीस वर्षांची, मास्तरांची नात. त्यांच्यासारखीच बोलताना मान किंचित कलती करते. "सर, एक विचारू? तो मुलगा एकांगी नाही ना झालाय? आजोबा शेवटपर्यंत सांगायचे, त्याला वाईट दाखवू नकोस. मला सारखं वाटायचं, तो कधीतरी बघेल आणि म्हणेल, असं झालंच नव्हतं."

"न्याय्य आहे," मी म्हणालो.

"नक्की ना सर? म्हणजे ते हयात आहेत की नाही, तेही माहीत नाही. शोधलं आम्ही. कल्याणचं घर कधीच विकलं गेलंय."

मी आता राहतो त्या डोंबिवलीपर्यंत तिला शोधत यावे लागले नसते. मी तिच्यापासून हातभर अंतरावर चहाचा कप धरून उभा होतो. "कॅमेऱ्याचे काम चांगले आहे," असे काहीतरी म्हणालो. मग संयोजकांना सांगितले की या कुटुंबाशी माझा जुना परिचय आहे, नियमानुसार मी या लघुपटाला गुण देऊ शकत नाही. ते म्हणाले, "सर, तुमच्यासारखी माणसं आता राहिली नाहीत." मलाही उभे राहायला तेवढीच जमीन होती.

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही. वास्तविक ते तिला लिहायला हवे. तिचा पत्ता संयोजकांकडे आहे, मी मागितलेला नाही. तिने मला दोनदा विचारले; एकदा मी खोटे सांगितले, एकदा विषय बदलला. लघुपटात एक वाक्य आहे, ते वर लिहायचे मी टाळले. मृत्यूची बातमी शाळेच्या शिपायाकडून कळावी लागली म्हणून बायको चिडते तेव्हा मास्तर म्हणतात, "पोराने निरोप धाडला असेल. पोचला नसेल." तिथे माझी बाजू चुकीची मांडली आहे. आदल्या दुपारी तुम्ही डोळे उघडलेत. तुमचा हात माझ्या हातात होता, आणि माझ्याकडे पाहून तुम्ही विचारलेत, "मास्तर आले का?" मी म्हणालो, "बोलावलंय, येतीलच." मी कोणालाही पाठवले नव्हते. त्या वेळी तुम्ही माझे नाव घ्यावे असे मला वाटत होते.