लालाखालचा पांढरा

३ मार्च, सोमवार. नॉटिंगहॅम
प्रदर्शनाच्या कॅटलॉगचं प्रूफ आलं. जुन्या प्रार्थनापुस्तकात रंगवलेल्या गुलाबावरचा लेख उघडला. माझ्या नोट्स, माझी वाक्यं, ‘पाकळीच्या टोकाला टेकलेला ब्रश’सुद्धा माझा. नाव एकटीचं. मृणालताईचं.
विचारलं. “अगं बाळ, अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये आपण दोघीच मराठी. तुझं-माझं काय करायचं?” वर माझ्याच डब्यातली अळूवडी उचलली.
सीनिअर आहे. असू दे. आजपासून ‘ताई’ बंद. नुसती मृ.

६ मार्च, गुरुवार
तेच मध्ययुगीन प्रार्थनापुस्तक पुन्हा मागवलं. समासात पुस्तक करवून घेणाऱ्या घराण्याचा लाल गुलाब, म्हणजे इंग्लंडच्या गादीच्या लढाईत लँकेस्टरच्या बाजूचे. मी नोंदवलं होतं: लाल मूळचाच, घराणं शेवटपर्यंत एकनिष्ठ. मृ.चा सगळा लेख याच वाक्यावर उभा.
आज भिंगाखाली एका पाकळीवरचा रंग उडालेला दिसला. खाली पांढरा. विरुद्ध बाजूच्या यॉर्कचा! यॉर्कवाले हरल्यावर गुलाब लाल करून घेतलाय. एकनिष्ठ कसले.
चूक माझी. छापली जाणार तिच्या नावावर.
इतका आनंद होणं बरं नाही. झाला.

११ मार्च, मंगळवार
मृ.ची मेल: “तुझी नजर घारीची. स्पेलिंग्ज बघतेस? शुक्रवारी पाचला प्रेसला जातंय.”
तीन स्वल्पविराम, एक आडनाव दुरुस्त केलं. गुलाबाला हात लावला नाही. पाठवलं. एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही. पण

१३ मार्च, गुरुवार
स्टॅनमोरहून आईचा फोन. बाबा डॉक्टर, त्यांची हॉस्पिटलं बदलायची, म्हणून आठ वर्षांची होईपर्यंत आईच माझी शाळा. फळ्यावर मुद्दाम एक चूक ठेवायची. दिसूनही मी गप्प बसले तर मार्क माझे जायचे. “झाकलेली चूक आपली.”
आज विचारलं, आपली चूक कोणी चोरून नेली तर?
“कोणी?”
“असंच विचारलं.”
“म्हणजे मृणाल. जेवलीस का?”

१४ मार्च, शुक्रवार
सकाळी मेल लिहिली, भिंगाखालचा फोटो जोडला. ‘मृणाल’ लिहिलं. ‘मृणालताई’ केलं. ‘आधी माझं नाव घाल, मग दुरुस्ती’ लिहिलं, खोडलं. तो सौदा झाला. आणि न पाठवणं म्हणजे काय, तेही मला माहीत आहे.
साडेचार. डिपार्टमेंटच्या किचनमधून मृ.चा आवाज: “सुटले बाई एकदाची! तुझाही चहा टाकते गं, आलं घालून.”
नको म्हणाले नाही. मनात म्हटलं, किती सुटतेस ते बघू.
पाचला दहा कमी. मेल ड्राफ्ट्समध्येच. चहा समोर, निवतोय. फोटोत पांढरा फार स्पष्ट आलाय.