नेहमीचाच क्रम

दि. ९ जानेवारी

चि. खारू,

अनेक आशीर्वाद. आईचा खोकला उतरला आहे. तुझा स्वेटर तिने पुन्हा उसवला.

वाद नको, म्हणून घटना क्रमानेच मांडते. रेडिओ प्रक्षेपकाच्या शेवटच्या टप्प्यात आपण आजवर सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर वापरला. गेटवर, त्याच्या नियंत्रक टोकावर, व्होल्टेज नसेल तर तो बंद असतो. त्यामुळे ड्रेनचा, म्हणजे मुख्य विजेचा, पुरवठा आधी दिला तरी बिघडत नाही. वरच्या वारंवारतेला तो कमी पडू लागला, म्हणून मी गॅलियम नायट्राइडचा निवडला. ती निवड अचूकच होती. मात्र हा जातीने उलटा : गेट मोकळे असताना तो सताड उघडा असतो. आधी गेटला ऋण व्होल्टेज देऊन त्याला मिटवायचे, मगच ड्रेन. मंगळवारी तू ड्रेन आधी दिलास आणि अख्खा टप्पा जळाला. मी अहवालात ‘तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा’ असे कारण नोंदवले. सोमवारी समिती तुझ्या नोकरीचा निर्णय घेईल.

काल जेवताना आईने विचारले, “तिनं तुला विचारलं नव्हतं का?”

“तिला तोंड नाही का विचारायला?”

“तोंड आहे गं. तू कान दिलास का?”

मी पाणी आणायला उठले.

तू विचारले होतेस. दारात उभी राहून म्हणालीस, “ताई, चालू करायचा क्रम कुठला?” मी पडद्यावरचा आलेख पाहत होते. मान वर न करता म्हणाले, “नेहमीचाच. दर वेळी काय विचारायचं?” “बरं बाई, सर्वज्ञ,” असे म्हणून तू हसत गेलीस.

नेहमीचा म्हणजे जुन्याचा. तू माझे तंतोतंत ऐकलेस. धूर निघाल्यावर सर्वांदेखत मी तुला “वाचता येत नाही का?” असे विचारले. तू गप्प राहिलीस, म्हणूनच मला तो अहवाल लिहिता आला.

तो मी मागे घेतला आहे. पण बहिणीला पाठीशी घालते, असे समिती म्हणेल. म्हणून तुझे निवेदन हवे. मी काय बोलले ते शब्दशः लिही. माझ्यासाठी सौम्य करू नकोस. शुद्धलेखन मी तपासणार नाही.

शनिवारपर्यंत उत्तर दे आणि लेखीच दे. फोन नको. फोनवर मी तुला वाक्य पुरे करू देत नाही.

अजून म्हणत असशील तर, तुझी
ताई