पाठवणीतलं केशरी रडणं

एकोडी

चि. चंद्रकुमार यास भाटव्याचे आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. रुखमा आणि तू कसे आहात?

तुझ्या भाचीच्या, दामिनीच्या लग्नाच्या दिवशी तू जंगलातला वणवा विझवत होतास, म्हणून आला नाहीस. भाटव्याच्या डोळ्यांतून रक्त आलं, असं तुला कोणीतरी सांगितलं असेल. साफ खोटं. खरं काय झालं ते लिहितो.

संक्रांतीच्या आधी मला टीबी निघाला. (तुला कळवलं नाही, तुझ्या पोटात गोष्ट राहत नाही.) दवाखान्यात टीबीच्या औषधांची नवी जोडणी तपासणं चालू होतं. जुना उपचार सहा महिन्यांचा, नवा चार महिन्यांचा; कोणाला कुठला, ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं, नको वाटलं तर केव्हाही सोडा म्हणाल्या. तुझी बहीण आनंदाबाई उखडली, "काहून जी, तुमाले उंदीर समजून राहिले का?" मी म्हटलं, "उंदराले कोणी इचारून औषध देते का?" मला नवी जोडणी लागली. लघवी, घाम, आसवं केशरी होतील, असं बाईंनी बजावलं होतं. लघवीपर्यंत मी नीट ऐकलं. आसवांशी माझा काय संबंध? (माझा बाप गेला तेव्हाही मी पाहुण्यांच्या चहाचं बघत होतो.)

लग्नाच्या आधीच माझी थुंकी साफ आली होती, लोकांत वावरायला मोकळीक होती. तरी सासरच्यांना कळलं तर लग्न मोडेल, या धास्तीने आनंदाबाईने सगळ्यांची तोंडं शिवली होती. पाठवणीला दामिनी माझ्या गळ्यात पडली आणि कानात म्हणाली, "बाबा, आजच्या गोळ्या खाल्ल्या का जी?" झालं! भरल्या तलावाची पाळ फुटावी तसा मी फुटलो. पांढऱ्या दुपट्ट्याने डोळे पुसले, तर दुपट्टा केशरी. कोणी ओरडलं रक्त, कोणी म्हणालं अंगात देव आला. बँडवाल्याचा सूर अर्ध्यात तुटला. "हळद हाय, हळद लागली!" आनंदाबाई सांगत सुटली. (डोळ्यांच्या आतून?)

एवढ्यात आपले इवाई, दामिनीचे सासरे दादाजी, पुढे आले. दुपट्टा पाहिला. हळूच विचारलं, "टीबीच्या गोळ्या?" मी मान हलवली. वाटलं, आता पोरगी परत येते.

"पोराच्या मायलेबी झाल्ता," ते म्हणाले. "लाल लघवी पाहून भेली. गोळ्या चुलीत टाकल्या, आमाले सांगतलंबी नाही. पोरगं मायविना वाढलं." मग मोठ्याने म्हणाले, "इवायाले जेवाले आणा! गोळ्या खाल्ल्याबिगर गाडी हालत नाही."

सगळं वऱ्हाड उन्हात उभं, आणि मी वरण-भात खाऊन एकेक गोळी गिळतोय. शेवटच्या गोळीला जावईबापूंनी टाळी वाजवली. दामिनी हसत गाडीत बसली.

आता गोळ्या संपल्या. तपासणीला अजून जायचं आहे. नवी जोडणी सगळ्यांना लागू पडते का, ते सर्वांचे निकाल आल्यावर कळेल म्हणतात. मी मात्र आता धापेसाठी न थांबता बांधावरून घरी येतो.

तुझा भाटवा
वासुदेव

ता. क. – मी रडलो नव्हतो. तो घाम होता. घामही केशरीच येतो.

ता. क. – रुखमाचा फोन आला होता. महिना झाला तू खोकतोस, अंग उतरलं, आणि वणव्याचा धूर लागला म्हणून टाळतोस. पत्राचं कारण एवढंच. सोमवारी पहिल्या बसने येतो. थुंकी तपासायला दोघं जाऊ. जंगलात पळालास तर शोधायला तुझ्या बहिणीला पाठवीन.